सुटलेली जागा

तू कोण, मला ठाऊक नाही.
दुसऱ्या यादीत तू होतीस, मी नव्हते.
तिसऱ्या यादीत मी.
आपली ओळख एवढीच.

पहिली यादी लागली तेव्हा आमच्याकडे रोवणी चालू होती.
नेटवर्क फक्त तळ्याच्या पाळीवर, मोहाखाली.
चिखलाचा हात पाठीला पुसून मी पीडीएफ उघडली,
बोटानं खाली, अजून खाली,
आणि पानं संपली.
माय बांधीतून ओरडली, "लागला का वं नंबर?"
मी म्हटलं, उघडून नाही राह्यलं.

दुसऱ्या वेळी खोटं बोलले नाही.
तीन नंबरांनी राहिलं.
सिंदेवाहीचे सेतूवाले बोरकुटे म्हणाले,
तीन म्हंजे काहीच नाही, बाई,
आणि झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत.

पण तीन म्हणजे किती, ते मी मोजलेलं आहे.
बाबांचा हात गिरणीच्या पट्ट्यात गेला त्या रात्री
वॉर्डात सहारे सिस्टर एकट्या होत्या
आणि खाटा भरलेल्या, दोन गाद्या खालीही.
मला म्हणाल्या, दहावीत आहेस ना? घड्याळ बघ.
मिनिटाला तीस थेंब. कमी पडले तर हाक मार,
जास्त पडले तरी मार.
मी मोजत राहिले.
नळीतल्या त्या काचेसारख्या पोटात
एकेक थेंब आधी फुगायचा, मग ठरवायचा, मग पडायचा.
पहाटे कधीतरी सत्तावीस आले.
मी अनवाणी धावले.
त्यांनी चाकावर अंगठा ठेवला,
फिरवला न फिरवल्यासारखा,
आणि तीन थेंब परत आले.

बाबा झोपेत कण्हले. त्यांना यातलं काही माहीत नाही.

मेसेज आला शुक्रवारी, रात्री नऊनंतर.
सोमवारी पाचच्या आत हजर व्हा, मूळ कागदपत्रांसह.
जात वैधता होती, डोमिसाइल होतं,
फिटनेसवर सही नव्हती.
रविवारी सहारे सिस्टरनी डॉक्टरांना
लसीकरणाच्या जीपजवळ गाठलं;
बॉनेटवर केलेली सही थोडी तिरपी आहे.
बाबांनी फाइल तांदळाच्या चुंगडीच्या प्लास्टिकात गुंडाळली,
गाठ मारता येईना म्हणून दातांनी ओढली.

नागपूरच्या त्या खिडकीत चार वाजून दहा मिनिटांनी
माझे कागद आत गेले.
रजिस्टरात सत्तेचाळीस नंबरसमोर पेन्सिलीचं नाव होतं.
क्लार्कनं खोडरबर फिरवला, फुंकर मारली,
वर माझं नाव लिहिलं: प्रांजली निकुरे.
पण कागद दबलेला होता.
उजेडात धरला असता तर वाचता आलं असतं.
एक मात्रा दिसली, आणि शेवटचा "रे".

तुला डॉक्टरकीला नंबर लागला असेल.
तसंच असावं, असं मी बसमध्ये ठरवून टाकलं होतं.
लग्न ठरलं असेल, तर ते तुझ्या मनाचं असो.
पण कधी कधी होस्टेलच्या गॅलरीत वाटतं
की तुझ्या गावच्या पाळीवर त्या शुक्रवारी
नेटवर्कच आलं नसेल.
की तू हजर व्हायची तारीख मंगळवार समजलीस.
की तुझ्याकडे सगळं होतं, एक सही सोडून.

मायला फोनवर हे सांगितलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही, मागे बकरी ओरडत होती.
मग म्हणाली, "कोनाच्या तरी हातची सुटली, म्हनून तुले भेटली.
सांभाळून ठेवजो.
अन् जेवली का?"

आज नाडी शिकवली.
शेजारच्या पोरीच्या मनगटावर तीन बोटं,
अंगठा नाही, अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते,
ती दुसऱ्याची वाटते.
मिनिट संपलं. मी म्हटलं, त्र्याहत्तर.
मॅडमनी दुसऱ्या मनगटावर मोजले होते: बहात्तर.
एक जास्त कुठून आणलास? म्हणाल्या. पुन्हा मोज.

पुन्हा मोजते आहे.